महारेरा परवडतं का? नियामकाचा खर्च, फायदा आणि घर घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटचा ताबा रखडलेल्या लोकांच्या बैठकीत गेलं की दोन टोकाची वाक्यं ऐकू येतात. एक, 'रेरा नसतं तर आपण संपलो असतो.' दुसरं, 'रेराचा काही उपयोग नाही, सगळे मिळालेले आहेत.' दोन्ही बोलणारे मनापासून बोलतात आणि दोघांच्याही हातात कागद असतात. अशा बैठकांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, बरं की वाईट यावर नुसतं मत देण्यापेक्षा त्याची किंमत कोण मोजतं, बदल्यात काय मिळतं आणि गळती कुठे आहे, हे समजून घेणं मला जास्त गरजेचं वाटतं.

महारेरा म्हणजे सरकारी खातं आहे की कोर्ट?

दोन्ही नाही, आणि दोन्हींचं थोडं थोडं आहे. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, म्हणजेच रेरा कायदा, केला. त्याखाली प्रत्येक राज्याला आपलं प्राधिकरण नेमायचं होतं. महाराष्ट्राचं प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करू लागलं. ते प्रकल्पांची नोंदणी करतं, बिल्डरला माहिती जाहीर करायला लावतं, दंड करतं आणि ग्राहकाच्या तक्रारीवर सुनावणी घेऊन आदेशही देतं. आदेश मान्य नसेल तर अपिलीय न्यायाधिकरण आहे, त्याच्यावर उच्च न्यायालय.

त्याआधी कायदाच नव्हता का?

होता की. १९६३ चा मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या फ्लॅटांविषयीचा कायदा महाराष्ट्रात होता आणि तो त्या काळाच्या मानाने चांगला होता. करारनामा नोंदवायचा, त्याआधी २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही, सोसायटी करून द्यायची, जमिनीचं अभिहस्तांतरण करायचं (जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची), हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण रोज लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं. बिल्डरने कलम मोडलं की ग्राहकाने उठायचं, ग्राहक मंचात किंवा दिवाणी कोर्टात जायचं आणि वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या. कायदा कागदावर असणं आणि त्याच्यावर देखरेख करणारी यंत्रणा असणं यातला फरक पाहायचा असेल तर मोफाची पन्नास वर्षं पाहावीत. राज्याने २०१२ मध्ये स्वतःचा नियामक कायदाही केला होता. केंद्राच्या कायद्याने तो रद्द झाला.

महारेरा चालवायचा खर्च कोण भरतं?

दिसणारा खर्च फारच थोडा आहे. नोंदणीसाठी बिल्डर भूखंडाच्या दर चौरस मीटरला १० रुपये शुल्क भरतो. कमीत कमी ५० हजार, जास्तीत जास्त १० लाख. पाच हजार चौरस मीटरच्या भूखंडावर शंभर फ्लॅट उभे राहत असतील तर शुल्क ५० हजार, म्हणजे एका फ्लॅटमागे ५०० रुपये. सध्याच्या किमतीत एवढ्या पैशात स्वयंपाकघराच्या सिंकचा नळही येत नाही. तक्रार करणाऱ्याला ५,००० रुपये भरावे लागतात. त्यामुळे 'करदात्यांच्या पैशावर पोसलेली यंत्रणा' ही टीका महारेराला फारशी लागू होत नाही.

मग खरा खर्च कुठे आहे?

वेळेत आणि भांडवलात. आणि हा खर्च मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही.

पूर्वी जागेचा सौदा झाला, नकाशे पालिकेत दाखल केले की बुकिंग सुरू व्हायचं. त्याला 'प्री-लाँच' म्हणत. ग्राहक स्वस्तात मिळतंय म्हणून काही लाख देऊन टाकायचा. पावती साध्या कागदावर, करारनामा पुढे कधीतरी. बिल्डरला हा पैसा बिनव्याजी मिळायचा. रेराने ही वाट बंद केली. नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही. करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नाही.

याचा हिशेब करून पाहू. समजा बिल्डर पूर्वी प्री-लाँचमधून १० कोटी उभे करत होता. आता तेच १० कोटी तो १४ टक्क्यांनी वित्तसंस्थेकडून उचलतो. वर्षाला व्याज १ कोटी ४० लाख. शंभर फ्लॅटमध्ये वाटलं तर फ्लॅटमागे दर वर्षी १ लाख ४० हजार. ५०० रुपयांचं शुल्क कुठे आणि हे कुठे! ही रक्कम बिल्डर स्वतःच्या खिशातून देणार नाही, ती दरात येणार. बांधकाम व्यावसायिक 'रेरामुळे खर्च वाढला' म्हणतात तेव्हा ते या बाबतीत खरं बोलत असतात.

पण हा खर्च आधी नव्हता असं मात्र नाही. तो ग्राहक भरत होता. त्याचे पैसे बिनव्याजी अडकलेले, वर बुडण्याची भीती, आणि कोणत्याही दरपत्रकात त्याची नोंद नाही. रेराने तो खर्च उघड केला आणि ज्याला जोखीम पेलता येते त्या कर्ज देणाऱ्याकडे सरकवला. माझ्या मते हा सौदा ग्राहकाच्या फायद्याचा आहे. व्याजापोटी वर्षाला जवळपास दीड लाख जास्त मोजणं परवडतं; आयुष्यभराची पुंजी एका चिठ्ठीवर देऊन बसणं परवडत नाही.

लहान बिल्डरांचं काय?

त्यांना झळ बसली आहे. दर तीन महिन्यांनी प्रगती अहवाल, आर्किटेक्ट, अभियंता आणि सीए यांची प्रमाणपत्रं, वार्षिक लेखापरीक्षण, बँकेतली वेगळी खाती. मोठ्या कंपनीत यासाठी अख्खा विभाग असतो. तालुक्याच्या गावी वीस फ्लॅटची इमारत बांधणारा माणूस हे सगळं बाहेरून करून घेतो आणि त्याच्या दर फ्लॅटमागे खर्च जास्त पडतो. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट आहे, पण त्याच्या जरा वर गेलं की वीस फ्लॅटला आणि दोन हजार फ्लॅटला जवळजवळ सारखेच कागद. इथे नियम हलके करायला वाव आहे. माहिती कमी मागू नये, पण ती भरण्याची पद्धत सोपी करता येईल.

फायदा मोजायचा कसा? जे नुकसान झालंच नाही ते दिसत नाही.

नियामकाच्या बाबतीत हीच अडचण असते. खर्चाची पावती मिळते, टळलेल्या फसवणुकीची मिळत नाही. तरी तीन गोष्टी ठळक दिसतात.

पहिली, माहिती. महारेराच्या संकेतस्थळावर राज्यातले ५० हजारांवर प्रकल्प आहेत. एखादा प्रकल्प उघडला की जमिनीचा मालकी हक्क, मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, प्रकल्पावरचा बोजा, किती फ्लॅट विकले आणि किती शिल्लक, मूळ पूर्णत्वाची तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख, हे घरबसल्या दिसतं. २०१७ पूर्वी यातला एकेक कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून महिनाभर थांबावं लागायचं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, मोबाइलने स्कॅन केलं की थेट त्या पानावर. माझ्या हिशेबात महारेराचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम हेच.

दुसरी, कार्पेट क्षेत्रफळ. 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिना, लॉबी, लिफ्ट सगळं फ्लॅटच्या आकारात मोजलं जायचं आणि लोडिंग (वर चढवलेलं हे क्षेत्रफळ) किती हे बिल्डरच ठरवायचा. आता किंमत कार्पेटवर ठरते आणि कार्पेटची व्याख्या कायद्यातच आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. टेप घेऊन गेलात तर तुम्ही स्वतः मोजू शकता.

तिसरी, दोषदायित्व. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, गळती झाली, तर तुम्ही कळवल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने विनाखर्च दुरुस्त करून द्यायचं. त्यासाठी ईमेल करा, फोनवर बोलून सोडू नका.

७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात असतात ना? मग प्रकल्प रखडतात कसे?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांना वाटतं ही रक्कम मुदत ठेवीसारखी बँकेत पडून असते. तसं नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचे ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात, पण काम पुढे सरकेल त्या प्रमाणात ते काढता येतात. काम किती झालं याचं प्रमाणपत्र आर्किटेक्ट, अभियंता आणि सीए देतात, आणि हे तिघे बिल्डरनेच नेमलेले. शिवाय या खात्यातून बांधकामाबरोबर जमिनीचा खर्चही काढायची मुभा आहे. मुंबईसारख्या शहरात एकूण खर्चात जमिनीचा वाटा प्रचंड. त्यामुळे पाया भरला जात असतानाच मोठी रक्कम कायदेशीरपणे बाहेर गेलेली असू शकते.

म्हणजे ही तरतूद निरुपयोगी आहे का? नाही. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या गावच्या जमिनीत घालायची जुनी सवय तिने पुष्कळ आवरली. जुलै २०२४ पासून महारेराने एकाच बँकेत तीन खाती सक्तीची केली: सगळी रक्कम आधी एका खात्यात, तिथून ७० आणि ३० टक्क्यांची वाटणी. पार्किंग, सुविधा अशा वेगवेगळ्या नावांनी पैसे दुसरीकडेच भरून घेण्याला त्यामुळे चाप बसला. पण प्रमाणपत्र देणारा बिल्डरच्या पगारी यादीतला नसावा, नियामकाने यादीतून नेमावा, असं मला ठामपणे वाटतं. खर्च थोडा वाढेल, विश्वास बराच वाढेल.

ताबा उशिरा मिळाला तर किती व्याज मिळतं?

दोन पर्याय असतात. प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत घ्या, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरच्या (बँक कर्जासाठी ठरवते त्या आधारभूत व्याजदराच्या) वर २ टक्के. समजा तो ११ टक्के धरला आणि तुम्ही ६० लाख भरले आहेत, तर वर्षाचे ६ लाख ६० हजार, महिन्याचे ५५ हजार होतात. चालू भाडं आणि बँकेचं व्याज एकत्र धरलं तर ही रक्कम बऱ्याच कुटुंबांना जेमतेम पुरते.

इथे एक गोष्ट नीट पाहा. तुमच्या करारनाम्यात ताब्याची एक तारीख असते आणि संकेतस्थळावर बिल्डरने वाढवून घेतलेली दुसरी. बिल्डरचा माणूस दुसरी दाखवून 'अजून मुदत आहे' सांगतो. व्याज मोजायचं ते करारनाम्यातल्या तारखेपासून. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात कायदा वैध ठरवताना हा मुद्दा स्पष्ट केला आहे. करोनाच्या काळात प्रकल्पांना मिळालेली सहा महिन्यांची सवलत मात्र बिल्डर पुढे करतात, त्यावर तुमचं म्हणणं तयार ठेवा.

आदेश माझ्या बाजूने लागला, पैसे मात्र आले नाहीत. मग उपयोग काय?

ज्याच्या हातात आदेश आहे आणि खात्यात काही नाही, त्याला 'यंत्रणा चांगली आहे' हे सांगायची माझी हिंमत होत नाही. महारेराची सगळ्यात मोठी गळती इथे आहे.

घडतं असं. बिल्डरने आदेश पाळला नाही की तुम्ही पुन्हा अर्ज करता. मग महारेरा वसुली वॉरंट काढतं. पण वसुली करायला महारेराकडे स्वतःची माणसं नाहीत. कायद्याप्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करायची, म्हणून वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे. तहसीलदाराच्या टेबलावर निवडणूक, पंचनामे, दाखले, जमिनीचे वाद असतात. त्यात तुमचं वॉरंट. शेकडो कोटींची वॉरंटं राज्यात अशी पडून राहिली आहेत, त्यातली बरीच मुंबई उपनगर आणि पुणे जिल्ह्यांतली. महारेराने पाठपुराव्यासाठी महसूल खात्यातले निवृत्त अधिकारी घेतले, काही मालमत्तांची जप्ती आणि लिलाव होऊन पैसे मिळालेही. पण आदेशांच्या मानाने वसुली अजून फार मागे आहे.

खर्च आणि फायद्याचा ताळा करायचा तर इथेच करावा. नोंदणी, संकेतस्थळ, सुनावणी यांवर झालेला सगळा खर्च त्या शेवटच्या टप्प्यावर अडतो. मोठ्या जिल्ह्यांत फक्त रेराच्या वसुलीसाठी एक पूर्णवेळ तहसीलदार आणि चार कर्मचारी दिले तर येणारा पगाराचा खर्च वसूल होणाऱ्या रकमेपुढे नगण्य ठरेल. नवा कायदा लागत नाही, पदं लागतात.

तोवर तुमच्या हातात एक काम आहे. वॉरंटसोबत जप्त करता येतील अशा मालमत्तांची यादी द्या. तहसील कार्यालय ती शोधायला निघत नाही. बिल्डरचे न विकलेले फ्लॅट महारेराच्या संकेतस्थळावरच दिसतात. फ्लॅट क्रमांकासह त्यांची यादी, सोबत जमिनीचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, असा संच स्वतः नेऊन द्या आणि आवक क्रमांक घ्या. नुसत्या वॉरंटपेक्षा असा संच हलण्याची शक्यता कितीतरी जास्त.

नोंदणी क्रमांक आहे म्हणजे इमारत कायदेशीर, असं समजायचं का?

अजिबात नाही. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारती आठवा. पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या महारेराकडे दाखल झाल्या, नोंदणी क्रमांक मिळाले. एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारातून खणून हे बाहेर काढलं. लोकांनी क्रमांक पाहून, कर्ज काढून घरं घेतली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचे आदेश दिले.

नियामकाच्या शिक्क्याची ही एक वेगळीच किंमत आहे. शिक्का नसता तर माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. शिक्का दिसला की चौकशी थांबते. म्हणून तपासणीत ढिलाई असलेला नियामक कधी कधी नियामक नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. या प्रकरणानंतर परवानग्या थेट पालिकांकडून पडताळून घ्यायची पद्धत आली. ती सुरुवातीपासून असायला हवी होती. तरी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जावक क्रमांक जुळतो का, हे स्वतः पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ही निवृत्त अधिकाऱ्यांची सोय आहे, असं म्हणतात. खरं आहे का?

सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानेच २०२४ मध्ये रेरा प्राधिकरणांना माजी नोकरशहांचं पुनर्वसन केंद्र म्हटलं होतं, त्यामुळे ही नुसती चावडीवरची कुजबुज नाही. महारेराचे आजवरचे अध्यक्षही सनदी सेवेतूनच आले: गौतम चॅटर्जी, अजोय मेहता, मनोज सौनिक. अनुभवी अधिकाऱ्याला फाइल कशी हलते ते कळतं, हा फायदा आहे. पण ज्या नगरविकास आणि महसूल यंत्रणेच्या चुका तपासायच्या त्याच यंत्रणेत आयुष्य गेलेलं असेल, तर कठोर व्हायला जड जातं. ग्राहक चळवळीतली, बांधकाम लेखापरीक्षणातली माणसं सदस्य म्हणून यावीत. महारेराच्या सलोखा मंचात, जिथे दोन्ही बाजूंत तडजोड घडवली जाते, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था बिल्डर संघटनांच्या बरोबरीने बसतात आणि अनेक वाद तिथे सुनावणीशिवाय मिटले आहेत, म्हणजे हा प्रयोग जमतो हे सिद्ध झालेलं आहे.

मग रेरा बंदच करून टाकलं तर?

मग ग्राहक आयोग, दिवाणी कोर्ट आणि दिवाळखोरीचा रस्ता उरेल. दिवाळखोरी कायद्यात २०१८ पासून घर घेणारे वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखे पैसे देणारे मानले जातात, पण २०२० नंतर अर्जासाठी त्या प्रकल्पातले किमान शंभर खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांपैकी दहा टक्के, यांतले जे कमी असतील तेवढे एकत्र यावे लागतात. हे सगळे रस्ते नुकसान झाल्यानंतरचे. नुकसान होण्याआधी बिल्डरला अडवणारं दुसरं काही नाही. २०२४ च्या अखेरीस महारेराने मुदत संपूनही माहिती न देणाऱ्या दहा हजारांहून अधिक प्रकल्पांना नोटिसा काढल्या. हे काम कोणतंही कोर्ट आपणहून करणार नाही.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास आहे. जुन्या सभासदांना रेराचं संरक्षण मिळतं का?

विक्रीसाठीच्या फ्लॅटना नोंदणी लागते, त्यामुळे नवे खरेदीदार संरक्षित. जुने सभासद मात्र सर्वसाधारणपणे 'खरेदीदार' या व्याख्येत बसत नाहीत. तुमचं संरक्षण विकास करारनाम्यात आहे: बँक हमी, भाड्याची तरतूद, मुदत. पुण्या-मुंबईत एवढे पुनर्विकास चालू असताना कायद्यातली ही फट बुजवली जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तक्रारीला वकील लागतोच का?

नाही. तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता, सीए किंवा कंपनी सचिवही मांडू शकतात. व्याजाचा साधा दावा असेल तर करारनामा, पावत्या आणि तारखांचा एक पानी तक्ता पुरतो. नुकसानभरपाई मागायची असेल तर ते प्रकरण निर्णय अधिकाऱ्याकडे जातं, तिथे पुरावे लागतात, तेव्हा सल्ला घ्या.

मी परदेशात राहतो. गोव्यात फ्लॅट घेतला आहे, तक्रार महारेराकडे करू का?

नाही. मालमत्ता ज्या राज्यात, त्या राज्याचं प्राधिकरण. गोव्याचं स्वतंत्र गोवा रेरा आहे, नियम आणि शुल्क त्यांचे. महाराष्ट्रातल्या प्रकल्पाची तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होते, त्यामुळे त्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. इथे कोणाला प्रतिनिधी म्हणून पाठवणार असाल तर अधिकारपत्र तेवढं रीतसर करून द्या.